जॉन पीटर ऑल्टगेल्ड

जॉन पीटर ऑल्टगेल्ड (३० डिसेंबर, इ.स. १८४७ - १२ मार्च, इ.स. १९०२) हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्याचे विसावे गव्हर्नर होते. डेमोक्रॅटिक पक्षाचे ऑल्टगेल्ड इ.स. १८९३ ते १८९७ या काळात या पदावर होते. अमेरिकेतील गव्हर्नर थेट जनतेतून निवडला जातो व राज्याचा कारभार प्रत्यक्ष चालवतो. त्यामुळे हे पद भारतातील राज्यपालापेक्षा मुख्यमंत्र्याच्या अधिक जवळचे आहे. हेमार्केट खटल्यातील तीन कैद्यांना दिलेल्या माफीसाठी ऑल्टगेल्ड ओळखले जातात.

पूर्वायुष्य

ऑल्टगेल्ड यांचा जन्म जर्मनीतील नासाऊ संस्थानात नीडरझेल्टर्स या गावी झाला. ते काही महिन्यांचे असतानाच त्यांचे आईवडील अमेरिकेत आले व ओहायो राज्यात शेती करू लागले. सोळाव्या वर्षी ते यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. तेथे जडलेल्या तापाने त्यांची प्रकृती कायमची खालावली. पुढे शाळामास्तरकी व रेल्वेमार्गावरील मजुरी करीत ते मिसूरी राज्यात पोचले आणि कायद्याचा अभ्यास करून वकील झाले. इ.स. १८७५ मध्ये ते शिकागोला आले. वकिलीपेक्षा जमिनी व इमारतींच्या व्यवहारात त्यांनी अधिक संपत्ती मिळवली.

इ.स. १८८४ मध्ये त्यांनी दंडव्यवस्थेवर एक पुस्तक लिहिले. तुरुंग भरतात ते मुख्यतः गरिबांनी आणि शिक्षेमुळे माणूस सुधारण्याऐवजी अधिक बिघडतो, असे त्यात प्रतिपादन होते. इ.स. १८८६ मध्ये ते कुक काउंटीच्या सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश म्हणून निवडून आले.

हेमार्केट खटला व माफी

४ मे, इ.स. १८८६ रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांची सभा पांगवण्यास आलेल्या पोलिसांवर बाँब फेकला गेला. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी १ मेपासून चाललेल्या संपाची या घटनेला पार्श्वभूमी होती. जगभर पाळला जाणारा कामगार दिन याच आंदोलनाची आठवण आहे. बाँब कोणी फेकला हे कधीच सिद्ध झाले नाही. तरीही आठ अराज्यवाद्यांवर खटला चालून सात जणांना फाशीची, तर ऑस्कर नीबे यांना पंधरा वर्षे कारावासाची शिक्षा झाली. पुढे चौघांना फाशी देण्यात आली, एकाने आदल्या दिवशी कोठडीत आत्महत्या केली. सॅम्युएल फील्डन व मायकेल श्वाब यांची शिक्षा तत्कालीन गव्हर्नरांनी जन्मठेपेत बदलली.

इ.स. १८९२ च्या निवडणुकीत ऑल्टगेल्ड गव्हर्नर झाले. परदेशात जन्मलेले ते इलिनॉयचे पहिले गव्हर्नर होत. उरलेल्या तिघांना सोडावे असे अनेक प्रतिष्ठित नागरिकांचेही मत होते. मात्र त्यांना अपेक्षित होती ती दया. कैद्यांनी पुरेशी शिक्षा भोगली, एवढे म्हणून ऑल्टगेल्ड मोकळे झाले असते तर फारसा गदारोळ झाला नसता. त्यांनी संपूर्ण खटल्याचे कागद तपासले व २६ जून, इ.स. १८९३ रोजी माफीसोबत सविस्तर कारणमीमांसा प्रसिद्ध केली. ज्युरीचे सदस्य चिठ्ठ्या टाकून न निवडता खास नेमलेल्या बेलिफाने हवे तसे गोळा केले, त्यांतील अनेकांचे मत आधीच बनलेले होते, आरोपींचा बाँबफेकीशी संबंध सिद्ध झाला नाही आणि न्यायाधीश जोसेफ गॅरी पक्षपाती होते, असे निष्कर्ष त्यांनी काढले. म्हणजेच फाशी गेलेल्या चौघांनाही न्याय मिळाला नव्हता. वृत्तपत्रांनी ऑल्टगेल्ड यांनाच अराज्यवादी ठरवले, त्यांच्या परदेशी जन्माचा उद्धार केला व व्यंगचित्रांतून त्यांची निर्भर्त्सना केली.

पुलमन संप

इ.स. १८९४ मध्ये रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीने मजुरी कमी केली, पण कामगारांच्या घरांचे भाडे कमी केले नाही. त्यातून उद्भवलेल्या संपाने देशातील रेल्वे वाहतूक विस्कळीत झाली. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी गव्हर्नरांची मागणी नसताना शिकागोत केंद्रीय सैन्य धाडले. राज्याचे सैन्य सज्ज असता असा हस्तक्षेप घटनाबाह्य आहे, असा निषेध ऑल्टगेल्ड यांनी तारेने कळवला. दोघेही एकाच पक्षाचे असल्याने हा वाद पक्षांतर्गत फुटीला कारण ठरला. इ.स. १८९६ च्या अधिवेशनात पक्षाने क्लीव्हलंड यांची धोरणे नाकारली. त्यामागे ऑल्टगेल्ड यांचा मोठा वाटा होता. परदेशी जन्मामुळे ते स्वतः राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होऊ शकत नव्हते.

त्यांच्याच कारकिर्दीत इलिनॉयमध्ये कारखाना तपासणी कायदा झाला व फ्लॉरेन्स केली मुख्य निरीक्षक झाल्या. त्यातील स्त्रियांसाठीची आठ तासांची मर्यादा मात्र राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १८९५ मध्ये रद्द ठरवली.

अखेरची वर्षे

इ.स. १८९६ मध्ये रिपब्लिकन जॉन टॅनर यांनी त्यांचा पराभव केला. शिकागोतील सोळा मजली युनिटी बिल्डिंग ही त्यांची इमारतही हातची गेली. इ.स. १८९९ मध्ये ते शिकागोच्या महापौरपदाची निवडणूक हरले. नंतर क्लॅरेन्स डॅरो यांच्यासोबत त्यांनी पुन्हा वकिली सुरू केली. दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांच्या बाजूने जोलिएट येथे भाषण केल्यानंतर ते कोसळले व दुसऱ्या दिवशी, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अंत्यदर्शनासाठी शिकागोत हजारो लोक आले होते. इ.स. १९१५ मध्ये तेथील लिंकन पार्कमध्ये शिल्पकार गट्झन बोर्ग्लम यांनी घडवलेला त्यांचा पुतळा उभारण्यात आला.