अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले. बऱ्याच मुलांनी शिवाजी महाराज आणि लोकमान्य टिळक घेतले. मी ताराबाई मोडक घेतल्या. वर्गातली मुलं हसली, कारण त्यांना हे नाव माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. गुरुजींनीच मला त्यांच्याविषयी वाचायला दिलं. पण आपण सगळे लहानपणी अंगणवाडीत गेलो आहोत. तिथे आपण खिचडी खाल्ली, गाणी म्हटली, वजनकाट्यावर बसून रडलोसुद्धा. ती अंगणवाडी मुळात कुठून आली, हे ताराबाईंच्या चरित्रात कळते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडिलांचे नाव सदाशिवराव आणि आईचे नाव उमाबाई. उमाबाई आधी विधवा होत्या आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी लग्न केले होते. त्या काळी विधवेने पुन्हा लग्न केलेले लोकांना मुळीच खपत नसे. पण हे घर प्रार्थना समाजाचे होते. त्या घरात मुलींना शिकवायचे असेच ठरलेले होते. ताराबाई शाळेत गेल्या, मग कॉलेजात गेल्या आणि १९१४ साली बी. ए. झाल्या. तेव्हा त्या २२ वर्षांच्या होत्या. त्या काळात पुष्कळ मुलींना शाळेचे तोंडसुद्धा बघायला मिळत नव्हते. म्हणून बी. ए. झालेली बाई म्हणजे केवढी मोठी गोष्ट.

पुढे त्यांचे लग्न अमरावतीच्या मोडक वकिलांशी झाले. त्यांना एक मुलगी झाली. पण संसारात पटले नाही आणि १९२१ साली त्या वेगळ्या झाल्या. आता लहान मुलीला घेऊन एकट्या बाईने काय करायचे? ताराबाई रडत बसल्या नाहीत. त्या गुजरातेत राजकोटला गेल्या. तिथे बायकांना शिक्षिका करणारे एक ट्रेनिंग कॉलेज होते. त्या कॉलेजच्या त्या मुख्य झाल्या.

तिथे असताना त्यांना भावनगरच्या एका माणसाची माहिती कळली. त्यांचे नाव गिजुभाई बधेका. गिजुभाई आधी वकील होते. वकिली सोडून ते लहान मुलांचे मास्तर झाले. १९२० साली त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. त्यांना मोठ्या मिशा होत्या आणि ते मुलांवर आईसारखी माया करत. म्हणून गुजरातीत लोक त्यांना मुछाळी मा म्हणत, म्हणजे मिशावाली आई. हे वाचून मला खूप हसू आलं. गिजुभाईंच्या शाळेत छडी नव्हती. मुलांना गोष्टी, गाणी, नाटक, बागकाम असे सगळे होते.

इटली देशात मारिया माँटेसरी नावाच्या एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी १९०७ साली रोम शहरात गरीब मुलांसाठी बालघर काढले होते. मूल हाताने वस्तू हाताळत, स्वतः करून शिकते, असे त्यांचे म्हणणे होते. गिजुभाईंनी ते वाचले होते आणि त्यांना ते पटले होते. ताराबाईंनाही पटले. १९२३ साली त्यांनी राजकोटची नोकरी सोडली आणि त्या भावनगरला गेल्या. आधी मोठ्या बायकांच्या कॉलेजच्या मुख्य आणि आता अडीच-तीन वर्षांच्या पोरांच्या बाई! लोकांना नवल वाटलं असेल. पण ताराबाईंना लहान मुलांचे काम कमी वाटले नाही. त्या गुजराती छान शिकल्या. १९२६ साली त्यांनी आणि गिजुभाईंनी नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. शिक्षणपत्रिका नावाचे मासिकही चालवले. ते आधी गुजरातीत निघे, मग मराठीतही निघू लागले. आईवडिलांनी मुलांना मारू नये, भीती घालू नये, असे ताराबाई त्यातून सांगत.

नंतर त्या मुंबईला परत आल्या. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार ही संस्था काढली. तिथे बालमंदिर होते आणि बालमंदिराच्या शिक्षिका तयार करायचे वर्गही होते. शिशुविहार खूप चांगले चालले. पण ताराबाईंच्या मनात एक गोष्ट टोचत राहिली. ही शाळा शहरातल्या मुलांची होती. माँटेसरीबाईंच्या वस्तू महाग होत्या. मग खेड्यातल्या मुलांचे काय? गांधीजीही नेहमी खेड्याचा विचार करायला सांगत. त्याचाही ताराबाईंवर परिणाम झाला.

म्हणून १९४५ साली त्या मुंबई सोडून बोर्डी या गावी गेल्या. बोर्डी हे समुद्रकाठचे गाव डहाणू तालुक्यात आहे. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ सालापासून पालघर हा नवा जिल्हा झाला आणि आता ते त्यात आहे. तिथे ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा त्यांचे वय ५३ वर्षांचे होते. त्यांच्या मदतीला अनुताई वाघ आल्या. अनुताईंचे लग्न लहानपणीच झाले होते आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या होत्या. तरी त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. ताराबाई आणि अनुताई ही गुरुशिष्यांची जोडी पुढे शेवटपर्यंत टिकली.

आता मला सर्वात आवडलेली गोष्ट सांगते.

बोर्डीला बालवाडी उघडली. पण गावातली बरी परिस्थिती असलेली मुलेच तिथे येऊ लागली. गरिबांची, दलितांची आणि आदिवासींची मुले येईनात. त्यांचे आईबाप सकाळीच कामाला जात. मुलांना आंघोळ कोण घालणार, केस कोण विंचरणार आणि शाळेपर्यंत कोण आणून सोडणार? अंगावर धड कपडेसुद्धा नसत. मग त्यांना शाळेत यायची लाजही वाटत असणार. दुसरे कोणी असते तर त्या लोकांनाच शिक्षणाची आवड नाही असे म्हणून गप्प बसले असते. ताराबाई तशा बसल्या नाहीत. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांकडे न्यायची, असे त्यांनी ठरवले.

शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. तिथल्याच एखाद्या अंगणात मुलांना गोळा करायचे. आधी त्यांचे हातपाय, तोंड धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. महाग खेळणी नव्हती. मग खडे, शंख-शिंपले, बिया, पाने, फुले, माती यांचीच खेळणी केली. खडे मोजून आकडे शिकायचे. पाने लहान-मोठी लावून लहान-मोठे ओळखायचे. मातीच्या गोळ्या करून बोटांना वळण लावायचे. सगळे फुकट. आणि हे सारे आपल्या गावातही आहे. शिंपले सोडून.

१९५७ साली हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे आजूबाजूच्या पाड्यांवर वारली आणि इतर आदिवासी राहतात. ताराबाई तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या. माझी आजी ६५ वर्षांची आहे, ती आमच्या मारुतीच्या टेकाडावर जाताना तीनदा बसते. आणि ताराबाई टेकडीवर राहायलाच गेल्या.

तिथे नवीनच अडचण होती. आठ-नऊ वर्षांची मुले गुरे चारायला जात. शाळा भरायची तेव्हा ती रानात असायची. मग ताराबाई आणि अनुताईंनी कुरणशाळा काढली. गुरे जिथे चरतात त्या कुरणातच शाळा. गुरे चरत राहायची आणि मुले झाडाखाली शिकायची. मला वाटते, ही जगातली सर्वात मजेची शाळा असेल.

मुलींची अडचण वेगळी होती. त्यांना धाकटे भाऊ-बहीण सांभाळायला घरी राहावे लागे. मूल कडेवर असले की हातात पाटी कशी धरणार? तर कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिचे नाव विकासवाडी. ताईने यायचे, तान्ह्या भावाला पाळणाघरात ठेवायचे, तीन-चार वर्षांच्या बहिणीला बालवाडीत बसवायचे आणि आपण वर्गात जायचे. आई निवांत कामाला गेली, तिघेही शाळेत आणि कोणाचेच अडले नाही.

हे वाचताना मी जरा थांबले. कारण गेल्या वर्षी कांद्याच्या लागणीच्या वेळी मी अकरा दिवस शाळेत आले नव्हते. आई-दादा रोजाने जात होते. आजी मामाकडे गेली होती. माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा होता. अंगणवाडीच्या वर्गात तीन वर्षांच्या पुढची मुले बसतात. मग त्याला कोण बघणार? मी. आल्यावर बघते तर भागाकार होऊन गेला होता. मला तो अजून नीट जमत नाही. मी आईला दोष देत नाही. रोजगार बुडवून आपल्याला भागत नाही, हे मला कळते. पण आमच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीपासून आलेलीच नाही. तीही भावालाच सांभाळते. तिचे अक्षर वर्गात सर्वांत चांगले आहे. या भित्तिपत्रकाचे नाव तिनेच लिहायचे ठरले होते.

ताराबाईंना १९६२ साली सरकारने पद्मभूषण दिले. पण मोठा मान मिळाला म्हणून त्या कोसबाडचे काम टाकून गेल्या नाहीत. १९७३ साली वयाच्या ८१ व्या वर्षी त्या वारल्या. पुढे १९७५ साली, २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या दिवशी, सरकारने लहान मुलांसाठी एक मोठी योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली. तिच्या केंद्राला नाव दिले अंगणवाडी. आज देशभर गावोगाव अंगणवाड्या आहेत. ताराबाईंना हे बघायला मिळाले नाही, याचे मला वाईट वाटले. दोनच वर्षे राहिली होती. अनुताईंनी मात्र बघितले. त्यांनी १९९२ साली वारेपर्यंत ते काम केले. त्यांनाही १९८५ साली पद्मश्री मिळाली.

चरित्र इथे संपले. पण अजून थोडे लिहायचे आहे.

हे वाचून झाल्यावर आम्ही चौथीच्या पाच मुलींनी ठरवले की शनिवारी शाळा सुटल्यावर वस्तीवरच्या लहान मुलांचे खेळ घ्यायचे. गुरुजींनी शाळेचा व्हरांडा दिला. चिंचोके, खडे, पळसाची पाने सगळे गोळा केले. पहिल्या शनिवारी फक्त तीन मुले आली. त्यातला एक चिंचोके खिशात घालून पळाला. दुसऱ्या शनिवारी दोनच आली. आम्हाला राग आला. मग मला आठवले की ताराबाईंकडेही आधी मुले आली नव्हती. तिसऱ्या शनिवारी आम्हीच वस्तीवर गेलो आणि लिंबाखालच्या अंगणात बसलो. अकरा मुले जमली. आधी सर्वांचे हात धुतले. मग चिंचोके मोजले, गाणी म्हटली, चिखलाचे बैल केले. आमची ती मैत्रीणही भावाला घेऊन आली. तिचा भाऊ चिखलात रमला आणि तिने दोन तास माझ्या वहीत धडा लिहून काढला.

पण शनिवारच्या दोन तासांत चौथीचा अभ्यास होत नाही. म्हणून आलेल्या पालकांना माझी विनंती आहे. लागणीच्या आणि काढणीच्या दिवसांत सगळे मिळून एक ओसरी ठरवा. आपल्या गावात ज्या आज्या शेतात जात नाहीत, त्यांच्यातल्या रोज दोघींनी तिथे बसावे आणि लहान मुले सांभाळावी. माझी आजी एक दिवस बसायला तयार झाली आहे. तशा आणखी आज्या मिळाल्या तर आमच्यापैकी कोणीच घरी राहणार नाही.

ताराबाई शाळा अंगणात घेऊन गेल्या. आपल्याला तर शाळा आहेच. फक्त आम्हाला तिथे येऊ द्या.

 

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी