कायमचा पत्ता : चिरागनगर

होस्टेलच्या फॉर्मवर 'कायमचा पत्ता' असा एक रकाना असतो. फर्स्ट इयरला तो भरताना मी अडखळलो होतो. मुंबईतलं आमचं घर झोपडपट्टीत. लाइटबिल येतं, पत्र येतं, पण खालची जमीन आमची नाही. तेव्हा आठवले अण्णाभाऊ साठे.

१ ऑगस्ट १९२० ला वाटेगावच्या मांगवाड्यात (आताचा सांगली जिल्हा) तुकाराम भाऊराव साठे जन्मले. शाळा म्हणाल तर जेमतेम दीड दिवस! दुष्काळ, बेकारी... आई-वडील पोरांना घेऊन चालत मुंबईला निघाले. इथे अण्णाभाऊंनी कोळसा वेचला, हमाली केली, गिरणीत राबले. राहायला माटुंग्याचा लेबर कॅम्प आणि पुढे घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडी. अक्षरं तर ते शहरातल्या पाट्या वाचत वाचत शिकले.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकरांसोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा डफ कडाडला. १९५९ ला 'फकिरा' आली, १९६१ ला तिला राज्य पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि परतले ते पुन्हा चिरागनगरातच! 'चिरागनगरची भुतं' हे त्यांच्या पुस्तकाचं नावच आहे.

शेवटी त्यांना गोरेगावला सरकारी घर मिळालं, पण फार दिवस लाभलं नाही. १८ जुलै १९६९ ला ते गेले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, राज्याचा झोपडपट्टी कायदा आला. १९७६ ला झोपड्यांची गणना होऊन फोटोपास मिळाले. १९९५ च्या योजनेत बिल्डरला जादा एफएसआय आणि झोपडीवाल्याला २२५ चौरस फुटांचं फुकट घर. मात्र १ जानेवारी १९९५ च्या आधीचा पुरावा हवा. पुढे ही तारीख २००० झाली, आणि २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर.

म्हणजे सगळा खेळ कागदाचा! आजोबांचा फोटोपास बाबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, देवाच्या फोटोमागे जपलाय. पावसात पाणी शिरलं की आधी तो हलतो, मग टीव्ही. शेजारचे काका २०१३ ला आले. आमची भिंत एकच, नळ एकच. पण उद्या टॉवर झाला तर आम्ही आत आणि ते बाहेर. त्यांच्या पोराला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

ज्या माणसाने मुंबईला तिचे कामगार दाखवले, त्याच्या नावावर या मुंबईत हक्काची वीतभर जागा नव्हती. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. अभिमान वाटला, आणि थोडं वाईटही.

आपण सिव्हिलवाले उद्या वस्त्यांचे प्लॅन काढू. रेषा मारण्याआधी एवढंच बघू, की त्या रेषेवर कुणाची चूल आहे.

तो रकाना? भरला मी. आमच्या वस्तीचं नाव पूर्ण लिहून.