तरुणांवर विश्वास टाकणारा महापौर : युसुफ मेहेरअली

वार्षिक समारंभ जवळ आला की शाळेत बक्षिसांच्या याद्या तयार होऊ लागतात. दहावीत पहिला कोण, गणितात अधिक गुण कोणाला, वक्तृत्वात नंबर कोणाचा, हे सारे त्यांत येते. मात्र मोहल्ल्यातल्या निरक्षर आजीचे टपाल वाचून दाखवणारा, आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचवणारा किंवा शाळेच्या पाण्याच्या टाकीची आपणहून देखभाल करणारा मुलगा या यादीत क्वचितच असतो. अशा मुलांची कदर कशी करावी, हे ज्यांच्या आयुष्यातून शिकता येते ते थोर पुरुष म्हणजे मर्हूम युसुफ मेहेरअली.

त्यांचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईच्या एका सधन खोजा मुस्लिम कुटुंबात झाला. घरात कशाची उणीव नव्हती. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि पुढे त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. मनात आणले असते तर सुखाचे आयुष्य त्यांच्यासमोर हात जोडून उभे होते. परंतु त्यांच्या राजकीय विचारांमुळे सरकारदरबारी त्यांना वकिली करण्याची परवानगीच मिळाली नाही. दुसरा एखादा खचला असता. मेहेरअलींनी मात्र सारा वेळ देशाला आणि तरुणांना दिला.

१९२८ साली त्यांनी मुंबईत युवक संघाची उभारणी केली. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला सायमन कमिशन मुंबईच्या बंदरात उतरले. भारताचे भवितव्य ठरवायला आलेल्या त्या मंडळात एकही भारतीय नव्हता. मेहेरअली आणि त्यांचे तरुण सोबती हमालांच्या वेषात बंदरात शिरले व सायमन परत जा ही घोषणा त्यांनी दिली. पोलिसांच्या लाठ्या अंगावर पडल्या, पण ती घोषणा पाहता पाहता देशभर पोहोचली. त्या दिवशी मेहेरअली अवघे २४ वर्षांचे होते.

पुढे १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास घडला आणि १९३२ साली पुन्हा शिक्षा झाली. १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९३८ साली अमेरिकेत जागतिक युवक परिषद भरली, तेव्हा भारतीय प्रतिनिधींचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. ज्यांना घरात पोरसवदा म्हणून गप्प बसवले जाते, त्या वयाच्या मुलांना ते सभेत बोलायला उभे करीत, कामे वाटून देत आणि ती पार पाडण्याचा भरवसा त्यांच्यावर टाकीत.

१९४२ साली मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते. निवडणुकीत त्यांचा विजय झाला आणि ३८व्या वर्षी ते त्या वेळपर्यंतचे मुंबईचे सर्वांत तरुण महापौर ठरले. ते दिवस महायुद्धाचे होते. शहरावर हवाई हल्ल्याची भीती होती. अशा वेळी त्यांनी नागरिकांचे स्वयंसेवक दल उभे केले. संकट आले तर सरकारची वाट न पाहता आपल्या शेजाऱ्याला आपणच सावरायचे, हा नागरिकत्वाचा धडा त्यांनी त्यातून दिला. त्याच वर्षीच्या आंदोलनाला लाभलेले क्विट इंडिया, म्हणजे चले जाव, हे नाव त्यांनीच सुचवले असे मानले जाते. ऑगस्टमध्ये शहराच्या या प्रथम नागरिकाला पुन्हा गजाआड जावे लागले.

तुरुंगात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने त्यांना चांगल्या इस्पितळात हलवण्याची तयारी दाखवली. मेहेरअलींनी अट घातली की आजारी असलेल्या आणखी दोन कैद्यांनाही तीच सोय मिळावी. सरकारने नकार दिला, तेव्हा त्यांनी आपल्यासाठीची सवलतही नाकारली. विद्यार्थी मित्रांनो, क्षणभर विचार करा. जिवाशी गाठ असताना एकट्यासाठीचा मान आणि आराम नाकारणे ही सोपी गोष्ट नव्हे. १९४३ मध्ये त्यांची सुटका झाली, पण ढासळलेली प्रकृती पुन्हा पूर्ववत झाली नाही. २ जुलै १९५० रोजी, वयाच्या अवघ्या ४६व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना मानवंदना देण्यासाठी धावती मुंबई काही क्षण थांबली.

१९६१ साली त्यांच्या नावाने युसुफ मेहेरअली सेंटर स्थापन झाले. पनवेलजवळच्या तारा गावात या संस्थेने आरोग्य, शिक्षण व ग्रामोद्योगाचे काम उभे केले. ज्याने तरुणांवर विश्वास टाकला, त्याचे स्मारक कामाच्या रूपाने उभे राहावे हे उचितच होय.

आता आपल्याकडे वळू. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा आणि सेनगाव या आपल्या तालुक्यांत सेवेची वृत्ती असलेली मुले-मुली कमी नाहीत. कमी आहे ती त्यांच्याकडे पाहणारी नजर. २३ सप्टेंबर हा मेहेरअलींचा जन्मदिन, आणि १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस २४ सप्टेंबर. या लागोपाठच्या दोन दिवशी शाळाशाळांतून सेवाभावी विद्यार्थ्यांचा गौरव करता येईल. मात्र शाल आणि नारळावर तो संपू नये. ज्याचा गौरव होईल त्याच्या हाती पुढच्या वर्षाचे एखादे काम सोपवावे. वाचनालयाची किल्ली द्यावी, रक्तदान शिबिराची व्यवस्था द्यावी, लहान मुलांच्या अभ्यासवर्गाची जबाबदारी द्यावी. आणि त्या कामात ज्यांनी हात लावला त्या सोबत्यांनाही व्यासपीठावर बोलवावे, कारण एकट्यासाठीचा मान मेहेरअलींनी कधी घेतला नाही.

पालकांना एकच नम्र विनंती आहे. मुलगा घरी आला की किती गुण मिळाले हे जरूर विचारा. त्याच बरोबर आज कोणाच्या उपयोगी पडलास, हेही विचारत चला. मुलगी घरी आली तर तिलाही हेच विचारा. ज्या घरात हा प्रश्न रोज विचारला जाईल, त्या घरातून उद्याचा चांगला नागरिक बाहेर पडेल.