खराट्याच्या आधीचा देबूजी : कर्ज, कागद आणि गाडगेबाबा

अमरावती-अकोल्यातला आपला एखादा तरुण मोबाईल दुरुस्तीचे दुकान, झेरॉक्स सेंटर किंवा नाश्त्याची गाडी टाकायचे ठरवतो, तेव्हा सगळी धावपळ कर्जाभोवती फिरते. मुद्रा लोन मिळेल का, महात्मा फुले महामंडळात फाईल कुठे अडली, आणि तेही नाही जमले तर गावात शेकड्याने व्याज लावणारा कोण आहे. पैसा हातात आला की उद्घाटनाचा मंडप, बॅनर, डीजे. कागदावर काय लिहिले आहे ते वाचायला कोणालाच वेळ नसतो. अशा वेळी आपल्याच मातीतल्या एका माणसाचे सुरुवातीचे आयुष्य आठवावे. गाडगेबाबांचे नाव घेतले की आपल्याला खराटा दिसतो. खराट्याच्या आधीचा देबूजी मात्र फारसा कोणी सांगत नाही.

देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परीट कुटुंबात झाला. वडिलांना दारूने पोखरले आणि १८८४ साली ते गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. मामा चंद्रभानजींच्या घरी देबूजी गुरे राखू लागला, मोठा झाला तसा औत हाकू लागला. शाळा नाही, पण शेतीत तो तरबेज झाला.

तो काळ वऱ्हाडात कापसाचा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वेळी इथल्या कापसाला विलायतेत मोठा भाव आला, रेल्वे आली, आणि नगदी पिकाबरोबर सावकाराची वहीही गावोगाव पोचली. चंद्रभानजी त्या वहीत अडकले. चरित्रकार सांगतात ते असे की, ते पैसे भरत गेले, पावती मात्र घेतली नाही. सगळा व्यवहार विश्वासावर. वहीत काय जमा झाले आणि काय नावे पडले, हे वाचून सांगणारे घरात कोणी नव्हते. शेवटी जमिनीवर सावकाराचा हक्क चढला आणि त्या धसक्याने मामा गेले.

पुढे सावकार शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा देबूजी शेतातच होता. त्याने शेत सोडायला नकार दिला, झटापट झाली आणि सावकाराला माघार घ्यावी लागली. ही गोष्ट आपल्याकडे शौर्याची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. मला मात्र त्यात मामाने न घेतलेली पावती जास्त मोठी दिसते. ती पावती घरात असती तर भाच्याला कोणाशी भिडावे लागले नसते.

१८९२ साली देबूजीचे कुंताबाईंशी लग्न झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू द्यायची होती. नाही दिली तर जातभाई नाराज होणार, हे ठाऊक असूनही त्याने पंगतीला गोडधोड वाढले. ज्या घरात दारूने बाप गेला आणि कर्जाने मामा, त्या घरातल्या तरुणाने चार माणसांत आपला खर्च आपण ठरवायचा हे तेव्हाच पक्के केले. पुढे आयुष्यभर कीर्तनात ते लोकांना हेच विचारत राहिले, की सण, लग्न आणि तेरवीसाठी कर्ज कशाला काढता, आणि त्याच पैशात पोरे का शिकवत नाही. भांडी विकावी लागली तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खावी, पण लेकराला शाळेत घालावे, असे ते सांगत.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. डोक्यावर खापर, हातात काठी, अंगावर चिंध्या. कोणाच्या घरी भाकर मागितली तर आधी अंगण झाडायचे किंवा लाकडे फोडायची, फुकटचे खायचे नाही.

त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक अमरावती जिल्ह्यातल्या ऋणमोचनचे. पूर्णेकाठच्या या गावात पौषातल्या रविवारी यात्रा भरते. (कर्जाने मामा गमावलेल्या माणसाचे काम ऋणमोचन नावाच्या गावात उभे राहावे, हा योगायोगच.) काठाला चिखल, माणसे घसरत. बाबांनी तिथे घाट बांधायचे ठरवले. लोकांना रोज काय अडते ते आधी डोळ्यांनी पाहिले, आणि जे जवळ होते त्या अंगमेहनतीपासून सुरुवात केली. पंढरपूर, नाशिक, मुंबईतल्या मोठमोठ्या धर्मशाळा त्यानंतरच्या. पंढरपुरात महार बांधवांना कोणी उतरू देत नव्हते, म्हणून तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात खेड्यातून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना पाठ टेकायला जागा नव्हती, म्हणून तिथली.

लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी बाबा त्यांत मालक म्हणून कधी बसले नाहीत. संस्थांचे रीतसर ट्रस्ट केले आणि त्यांवर आपल्या नातेवाइकांचा कसलाही हक्क राहणार नाही, हे कागदावर लिहून ठेवले. शाळेचे तोंड न पाहिलेला माणूस कागदाबाबत एवढा काटेकोर होता. दापुऱ्याला जे घडले ते तो विसरला नव्हता, असे मी मानतो. आज आपल्याकडे दोन मित्र भागीदारीत दुकान टाकतात आणि कोणाचे किती, कोण काय करणार, हे लिहायला लाजतात. मैत्रीत कागद कशाला, असे म्हणतात. वर्षभरात मैत्रीही जाते आणि दुकानही.

१९४९ साली चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. जिथे आपली माणसे यात्रेला उतरत, तिथे आता मुलांनी शिकावे म्हणून.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी प्राण सोडला. अमरावतीच्या विद्यापीठाला २००५ पासून त्यांचे नाव आहे. तिथून पदवी घेऊन निघालेली आपली मुले आज त्याच शहरात बँकेच्या दारात फाईल घेऊन उभी असतात.