विद्यार्थी भीमराव : परदेशातील रात्री आणि महाडचा नाताळ



गेल्या महिन्यात एक माऊली मिस्सा झाल्यावर आम्हाला भेटायला थांबल्या. त्यांचा मुलगा परदेशी शिकायला गेला आहे. शनिवारी रात्री मित्र त्याला क्लबमध्ये ओढून नेतात. तिकडचा नाताळ म्हणजे नुसती रोषणाई आणि खरेदी, शिमगा-गणपतीला तर सुट्टीसुद्धा नाही. पोराचे काय होणार, या काळजीने त्यांना झोप लागत नाही. फादरांनी त्याच्यासाठी काहीतरी लिहावे, असा त्यांचा आग्रह. परदेशी शिकायला गेलेल्या मुलांविषयी लिहायचे, आणि तेही महाडात बसून, तर आम्हाला एकच नाव आठवते. ज्यांचा पुतळा आपण येता-जाता पाहतो ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आज त्यांच्या मोठेपणाविषयी नव्हे, तर त्यांच्या विद्यार्थिदशेविषयी लिहितो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला, पण घराणे आपल्याच बाजूचे. मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. वडील रामजी लष्करात सुभेदार होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते वारले आणि त्यानंतर चार-पाच महिन्यांतच मुलगा अमेरिकेच्या बोटीत बसला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. परळला पत्नी रमाबाई आणि लहानगा यशवंत मागे राहिले. स्वतः भीमराव तेव्हा २२ वर्षांचे होते. आपल्या माऊलींचा मुलगा साधारण याच वयाचा आहे.

जुलै १९१३ च्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या काळचे न्यूयॉर्क कसे होते? रात्री न झोपणारे शहर म्हणून ते तेव्हाही प्रसिद्ध होते. विद्यापीठाच्या दारातच भुयारी रेल्वेचे स्टेशन होते. पाच सेंट टाकले की माणूस थेट नाटकगृहांच्या आणि झगमगाटाच्या भागात. टाइम्स स्क्वेअरमध्ये ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री प्रकाशाचा गोळा खाली सोडण्याची प्रथा १९०७ साली सुरू झाली होती. मॅडिसन स्क्वेअर बागेत सर्वांसाठी मोठा सार्वजनिक ख्रिसमस वृक्ष उभारण्याची सुरुवात १९१२ ची, म्हणजे भीमराव येण्याच्या आदल्याच वर्षीची. नाताळ ज्याला घरी साजरा करता येत नाही, त्याच्यासाठी तो रस्त्यावर आणावा, ही त्यामागची कल्पना आम्हाला आवडते.

भीमराव प्रथम आठवडाभर विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. मग पश्चिम ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबात आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये, नवल भथेना या पारशी मित्रासोबत. (वाचकांच्या माहितीसाठी सांगतो, त्याच ११४ व्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नोत्र दाम नावाचे कॅथलिक चर्च आहे आणि तिथे वेदीमागे लूर्दची गुहा बांधलेली आहे. तिकडे गेलेल्या आपल्या मुलांना रविवारी कुठे जावे हा प्रश्न पडू नये!) सुरुवातीचे काही दिवस मित्रमंडळीत, खेळात आणि हिंडण्याफिरण्यात गेले, असे चरित्रकार सांगतात. त्यात नवल नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते अशा ठिकाणी आले होते जिथे त्यांच्या सावलीला कोणी घाबरत नव्हते.

इथे थोडे थांबायला हवे. परदेशातील रात्र म्हटली की आपल्याला दारू, नाच आणि बिघडणे एवढेच दिसते. भीमरावांना काय दिसले असेल? रात्रीचे जेवण. एका टेबलाभोवती गोरा, पारशी, गुजराती, जपानी बसलेले, वाढणारा सर्वांना सारखेच वाढतो, पाण्याचा जग या हातातून त्या हातात जातो. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा वर्गात आपले गोणपाट घेऊन वेगळा बसे आणि शिपाई वरून ओतेल तेव्हाच पाणी पीत असे. शिपाई आला नाही तर तहान तशीच. आपल्या कोकणातील गावांत सणावारी, जत्रेत महारांना काम असे, वाजंत्री असे, पण देवळाच्या आत पाऊल नसे. सण म्हणजे कुठे उभे राहायचे नाही याची आठवण. अशा माणसाला न्यूयॉर्कमध्ये कुठलाही उत्सव दूर उभे न राहता पाहता आला असेल, तर त्याचे मोल आपण कसे मोजणार?

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना समता या शब्दावर बरीच पाने लिहिली होती. परीक्षेत गुणही बरे मिळाले. पण समता ही एक सवय आहे आणि ती जेवताना लागते, हे आमच्या त्या पानांत कुठे नव्हते.

लवकरच भीमरावांच्या रात्री बदलल्या. मौजमजा मागे पडली आणि दिवे अभ्यासासाठी जळू लागले. साडेअकरा पौंडांतून घरीही पैसे पाठवायचे होते. मग जेवण काय, तर एक कप कॉफी, दोन मफिन आणि मटणाची किंवा माशाची एक बशी. उरलेले पैसे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात. तीन वर्षांत सुमारे दोन हजार पुस्तके जमली. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, शिवाय समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र. तत्त्वज्ञानाचेही पाच होते आणि तेथील गुरूंमध्ये जॉन ड्युई होते, हे आम्ही जरा अभिमानानेच नमूद करतो. १९१५ साली एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातीची उत्पत्ती कशी झाली यावर निबंध वाचला. जातीबाहेरच लग्न न करण्याच्या नियमात त्यांनी जातीचे मूळ पाहिले. म्हणजे हा विद्यार्थी परदेशात राहून आपल्या गावाचाच अभ्यास करीत होता. याच काळात वडिलांच्या एका स्नेह्यांना त्यांनी पत्र लिहून मुलांबरोबर मुलींनाही शिकवण्याचा आग्रह केला होता.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. तेथे बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. त्या काळी या शिक्षणाची एक गंमत होती. नुसत्या परीक्षा देऊन भागत नसे. दर सत्रात ठरावीक वेळा संस्थेच्या जुन्या सभागृहात रात्रीच्या जेवणाला बसावेच लागे. लांब टेबले, लाकडी बाके आणि शेजारी जो येईल तो. ज्याला देशात कोणी पंगतीला घेत नव्हते, त्याला वकील होण्यासाठी पंगतीत बसणे सक्तीचे झाले!

शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. ज्या बोटीवर त्यांचे सामान होते ती शत्रूने बुडवली आणि पुष्कळशी पुस्तके समुद्रात गेली. कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. तेथे काय घडले ते त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. आपल्या दृष्टीने तो भाग फार महत्त्वाचा आहे.

चार वर्षे परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत हे ते जवळजवळ विसरूनच गेले होते. बडोद्याला उतरताच प्रश्न आला की राहायचे कुठे. हिंदू खानावळीत कोणी घेईना. शेवटी पारशांच्या एका धर्मशाळेत पारशी नाव सांगून, रोज दीड रुपया भाड्याने ते राहिले. वरच्या मजल्यावर ते एकटेच. विजेचा दिवा नाही, रखवालदार संध्याकाळी एक लहान कंदील आणून देई, त्याचा उजेड हातभरही पडत नसे. अंधारात वटवाघळे फिरत. न्यूयॉर्क-लंडनच्या उजळलेल्या रात्रींनंतरच्या या त्यांच्या रात्री! अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करण्यास सांगून गेले.

बडोद्यात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले की तुम्ही आलात तर घरचे नोकर सोडून जातील. मग ते ख्रिस्ती मित्राकडे गेले. पूर्वी या मित्रानेच त्यांना आपल्याकडे राहायला बोलावले होते. आता मात्र तो म्हणाला की पत्नीला विचारावे लागेल. पती-पत्नी दोघेही मूळचे ब्राह्मण घराण्यातले. भीमरावांच्या लक्षात आले की धर्म बदलल्यावर पतीचे विचार उदार झाले तरी पत्नीचे आचार जुनेच राहिले होते आणि ती अस्पृश्याला घरात घेणार नव्हती. ते तिथून निघाले. रात्री ९ ची मुंबईची गाडी होती. तोवर कुठे बसायचे? कामाठी बागेत. अमेरिकेची पदवी घेतलेला हा तरुण संध्याकाळी आठपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहिला.

बंधुभगिनींनो, ते दार आपल्या माणसाचे होते. त्या घरात बायबल असणार, रविवारी उपासनेला जाणे असणार, नाताळात शेजाऱ्यांना फराळ वाटणे असणार. ही गोष्ट वाचली की आम्हाला पारशांच्या काठ्यांपेक्षा त्या मित्राचा सौम्य शब्द अधिक बोचतो. जुनी गोष्ट म्हणून ती सोडून देता येत नाही. लग्नाचे बोलणे करायला लोक आमच्याकडे येतात, तेव्हा मुलगा मिस्साला जातो का, हे विचारण्याआधी तो मूळचा कोणातला, असे हळूच विचारणारे आजही आहेत. भारतातील कॅथलिक बिशप परिषदेला २०१६ साली दलित सबलीकरणाचे स्वतंत्र धोरण जाहीर करावे लागले, ते उगीच नव्हे.

असो. १९१८ मध्ये भीमराव मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथेही काही सहकाऱ्यांनी प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिण्यास हरकत घेतली. पगारातून पैसे साठवून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. या वेळच्या रात्रींविषयी माऊलींच्या मुलाने जरूर वाचावे. सकाळी पावाचा तुकडा, थोडा मासा किंवा जॅम आणि बोव्हरिल, म्हणजे मांसाच्या अर्काचे गरम पेय. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय, दुपारच्या जेवणाला काट. रात्री दहाच्या सुमारास पोटात आग पडे. ओळखीच्या एका गुजराती गृहस्थाने पापड दिले होते. त्यातले चार पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. पुन्हा पुस्तक, ते पहाटेपर्यंत. खोलीतला मित्र मध्येच जागा होऊन झोपण्याची विनवणी करी, तेव्हा ते त्याला आपल्याकडे पैसाही नाही आणि वेळही नाही, याची आठवण देत. १९२३ साली ते मायदेशी आले ते बॅरिस्टर होऊन. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी.ही त्याच वर्षी मिळाली.

आता महाडकडे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, पण पाण्याला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. अध्यक्ष सुरबानाना टिपणीस, दासगावचे रामचंद्र मोरे, अनंतराव चित्रे अशा मंडळींच्या पुढाकाराने १९ आणि २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली. २० तारखेला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. थोड्याच वेळात आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली. जमाव मंडपावर आला. गावी परतण्यापूर्वी लोक तिथे जेवायला बसले होते. त्यांना मारले आणि अन्न मातीत मिसळले. कितीतरी जणांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. पंगत पुन्हा एकदा मोडली होती. पुढे १०८ घागरींनी तळ्याची शुद्धी झाली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

दुसरी परिषद डिसेंबरात ठरली. नाताळच्या सुट्टीत सभा-परिषदा भरवण्याची त्या काळची रीतच होती. गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तेथून महाडला आले. २५ डिसेंबर १९२७ रोजी रात्री ९ च्या सुमारास मंडपासमोर खणलेल्या खड्ड्यात मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे बापूसाहेब सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते. तळ्यावर जाण्यास मात्र न्यायालयाची मनाई आली होती. ती मान्य करून बाबासाहेबांनी लोकांना आवरले आणि खटला लढवला. त्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. दहा वर्षे लागली, पण तळे मोकळे झाले.

त्या नाताळच्या रात्री महाडपासून पोलादपूरच्या घाटापर्यंत थंडी असणार, आणि मंडपात डोंगरातून चालत आलेली माणसे. १९१३ चा न्यूयॉर्कमधील नाताळ आणि १९२७ चा महाडमधील नाताळ यांच्यामध्ये ती चौदा वर्षे, अर्धपोटी अभ्यास आणि बागेतले ते बाक आहे. २०२७ साली या घटनांना शंभर वर्षे होतात.

माऊलींनी हा लेख मुलाला पाठवायचा म्हणून आधीच मागून ठेवला आहे. पाठवावा. सोबत चार पापडही पाठवावेत, आणि खोलीतल्या जोडीदाराला पुरतील इतके जास्तीचे.