सल्लागाराच्या खुर्चीपर्यंत

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या कारभाराविषयी लिहिताना मला राजकुमारी अमृत कौर यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळावे लागते. कपूरथळा राजघराण्याच्या ख्रिस्ती शाखेत, लखनौ येथे त्यांचा जन्म झाला. शिक्षण इंग्लंडमध्ये. पुढे सुमारे सोळा वर्षे त्या गांधीजींच्या सचिव होत्या. १९४२ च्या आंदोलनात कारावास भोगला आणि १९४७ मध्ये स्वतंत्र भारताचे आरोग्य खाते त्यांच्याकडे आले.

त्या खात्याची अवस्था भोर समितीने आदल्याच वर्षी आकड्यांत मांडली होती. तीस कोटी लोकसंख्येमागे परिचारिका अवघ्या ७,०००. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. प्रांतोप्रांती नोंदणी वेगळी, प्रशिक्षणाचा दर्जा वेगळा. एका प्रांतातील पात्रता दुसऱ्या प्रांतात मान्य होईलच, याची शाश्वती नव्हती. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने हा विस्कळीतपणा दूर करून देशभर एकच मानदंड लावण्याची सोय केली. दिल्लीत १९४६ मध्ये परिचर्येचे पदवी महाविद्यालय सुरू झाले होते. पुढे त्याला राजकुमारींचेच नाव मिळाले. त्यांच्या काळात केंद्राच्या परिचर्या सल्लागारपदी तेहमिना अद्रनवाला बसल्या. परिचारिकांच्या प्रश्नांवर दिल्लीत परिचारिकेनेच बोलावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

१९५० मध्ये कौर जागतिक आरोग्य सभेच्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा १९५६ चा कायदा हे त्यांचे सर्वज्ञात कार्य. सिमल्याचे आपले घर त्यांनी याच संस्थेतील कर्मचारी व परिचारिकांच्या विश्रांतीसाठी दिले. कुटुंबनियोजनात मात्र त्या नैसर्गिक पद्धतीच्या आग्रहापुढे गेल्या नाहीत, आणि त्याची किंमत स्त्रियांनीच मोजली, असे माझे मत आहे.

१९५७ मध्ये त्या मंत्रिपदावरून दूर झाल्या आणि १९६४ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या काळातील ते पद आजही आरोग्य सेवा महासंचालनालयात आहे. पण ते सल्लागाराचे आहे. सल्ला देणाऱ्याच्या हाती अर्थसंकल्प नसतो, नेमणुका नसतात. लष्करात परिचर्या सेवेची प्रमुख मेजर जनरल या हुद्द्यापर्यंत पोहोचते. नागरी आरोग्यव्यवस्थेत तिच्या तोडीचे अधिकारपद मला दिसत नाही. २०२३ च्या कायद्याने जुन्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाची तरतूद केली. पण आयोगाचे क्षेत्र शिक्षण, नोंदणी आणि व्यवसायाचे नियमन हे आहे. साथीच्या काळात किती परिचारिका कोठे पाठवायच्या, हे ठरवणारी खुर्ची त्याने निर्माण केलेली नाही.