बर्नार्ड हरमन आणि चार टक्के

थर्ड इयरची गोष्ट. साल २००४. सबमिशनचा आठवडा होता, म्हणजे हॉस्टेलमध्ये कुणी झोपत नव्हतं आणि कुणाचं जर्नलही पूर्ण होत नव्हतं. रूमवर एकच कॉम्प्युटर, तोही पार्टनरचा. त्यावर आम्ही व्हीसीडी लावून हिचकॉकचा 'सायको' बघितला. पिक्चर संपल्यावर पार्टनरने कपाटातून एक सीडी काढली. त्याच्या मामांनी परदेशातून आणलेली. तिच्यात 'सायको'चं सगळं पार्श्वसंगीत होतं आणि ज्याने ते लिहिलं त्या बर्नार्ड हरमननेच ते १९७५ मध्ये लंडनला ऑर्केस्ट्रासमोर उभं राहून पुन्हा वाजवून घेतलेलं होतं.

सुरुवातीचा तुकडा लावला आणि आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. संगीत तेच, पण चाल संथ. पिक्चरमध्ये जे मागे कुणी लागल्यासारखं पळत होतं, ते इथे पावलं मोजत चाललं होतं.

पार्टनरचं म्हणणं, पिक्चरमधलंच खरं, म्हातारपणी हरमनची चाल मंदावली. मला ते पटेना. ज्याचं संगीत त्याचाच हात, मग तो चुकेल कसा? त्यात मी ई अँड टीसीचा, नुकतंच टीव्हीचं थिअरी वाचलेलं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रं या वेगाने घेतात. आपल्याकडची पाल पद्धत २५ चित्रांची. त्यामुळे व्हीसीडीवर पिक्चर चार टक्के जोरात पळतो. १०९ मिनिटांचा 'सायको' चार मिनिटांहून जास्त आधी संपतो. सूरही चढतो. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या दिशेने जवळजवळ पाऊण वाट चालून जातं. मी कॅल्क्युलेटर काढला, २५ भागिले २४ केलं आणि सगळ्या विंगसमोर जाहीर केलं की पार्टनरच्या कानाला जो फरक वाटतो तो निव्वळ व्हीसीडीचा आहे. त्याच्या कानांवर दोन-चार विनोदही केले. सगळे हसले. तो हसला नाही.

पुढच्या सेमिस्टरला त्याने रूम बदलली. एवढ्याच कारणाने बदलली असं नाही, पण सुरुवात तिथून झाली.

त्यानंतर मला रेकॉर्डिंग जमवायचा नाद लागला. एकाच पिक्चरचं संगीत किती प्रकारे मिळतं, कुठलं पिक्चरमधलं, कुठलं नंतर वाजवलेलं, कुणी वाजवलेलं, हे लावून बघायचं. त्या नादात हरमनचं आयुष्यही कळत गेलं. तेच आज सांगतो.

हरमनचा जन्म २९ जून १९११ चा, न्यूयॉर्कमधला. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला मुलगा. विशीतच त्याने स्वतःचा छोटा ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९३४ मध्ये सीबीएस या रेडिओ कंपनीत लागला. रेडिओवर सगळं लाइव्ह. नाटक चालू असताना पाच सेकंदांत दार उघडल्याचं, दहा सेकंदांत भीतीचं संगीत द्यायचं. थोडक्यात पुष्कळ सांगायची सवय त्याला इथेच लागली. मंगळावरून हल्ला झाल्याचं ते गाजलेलं १९३८ चं रेडिओ नाटक आठवतंय ना? ऑर्सन वेल्सचं. त्याचं संगीत सांभाळायला हरमनच होता.

वेल्स हॉलिवूडला गेला तेव्हा त्याने हरमनला सोबत नेलं. पहिलाच पिक्चर 'सिटिझन केन', १९४१. त्याच वर्षी त्याने 'द डेव्हिल अँड डॅनियल वेबस्टर' या पिक्चरलाही संगीत दिलं. ऑस्करला दोन्ही नावं आली आणि 'डॅनियल वेबस्टर' जिंकला. म्हणजे गड्याने स्वतःलाच हरवलं! ते त्याचं पहिलं आणि शेवटचं ऑस्कर. ज्यांच्यामुळे आज जग त्याला ओळखतं त्या 'व्हर्टिगो' आणि 'सायको'च्या संगीताला साधं नामांकनही मिळालं नाही.

पुढच्याच वर्षी त्याचा स्वभाव हॉलिवूडला कळला. वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'ची स्टुडिओने भरपूर काटछाट केली. त्यात हरमनचंही अर्ध्याहून जास्त संगीत गेलं आणि काही जागी दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं लावलं. हरमनने सांगितलं, माझं नाव काढा. आणि काढायला लावलं. वय वर्षं तीस, हॉलिवूडमध्ये नवखा माणूस! आपण व्हायव्हामध्ये एक्स्टर्नलसमोर मान डोलावतो ते आठवा.

त्या काळी हॉलिवूडमध्ये कामं वाटलेली असत. संगीतकाराने चाल लिहायची आणि कुठलं वाद्य काय वाजवणार ते ऑर्केस्ट्रेटरने ठरवायचं. हरमन हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नसे. त्याच्या मते वाद्यांची निवड हेच अर्धं संगीत. १९५१ च्या 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' या परग्रहावरच्या पाहुण्याच्या पिक्चरसाठी त्याने दोन थेरमिन घेतली. हात न लावता, नुसता हवेत हलवून वाजवायचं हे इलेक्ट्रॉनिक वाद्य. आमच्या लॅबमध्ये एका प्रोजेक्ट ग्रुपने केलं होतं, ते मांजरासारखं ओरडायचं. हरमनने त्याच्या जोडीला विजेवरची व्हायोलिन, गिटार आणि हॅमंड ऑर्गन बसवले.

१९५५ मध्ये त्याची आणि आल्फ्रेड हिचकॉकची जोडी जमली. 'द ट्रबल विथ हॅरी'पासून 'मार्नी'पर्यंत, म्हणजे १९६४ पर्यंत टिकली. मधल्या 'द बर्ड्स'मध्ये तर पार्श्वसंगीतच नाही, नुसते यंत्रावर केलेले पक्ष्यांचे आवाज, आणि त्यावर सल्लागार म्हणून हरमन.

जमवणाऱ्याच्या दृष्टीने यातली मजेदार केस 'व्हर्टिगो'ची, १९५८. रेकॉर्डिंगच्या वेळी हॉलिवूडच्या वादकांचा संप होता. म्हणून काम लंडनला नेलं आणि हरमनऐवजी म्यूर मॅथिसन नावाचा स्कॉटिश कंडक्टर उभा राहिला. मग लंडनच्या वादकांनीही अमेरिकन वादकांना पाठिंबा म्हणून काम थांबवलं, तेव्हा उरलेलं व्हिएन्नाला झालं. लंडनचं स्टीरिओ, व्हिएन्नाचं मोनो. हेडफोन लावून ऐकलं तर आवाज मध्येच रुंदावतो आणि मध्येच एका ओळीत येतो. संप कानांनी ऐकायचा असेल तर तो असा! आपलं इतकं मोठं काम दुसऱ्याच्या हातून झालं, याची हरमनला कायम चुटपुट होती.

मग आला 'सायको', १९६०. बजेट बेताचं, पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट. हरमनने ठरवलं की संगीतही एकाच रंगाचं, फक्त तंतुवाद्यांचं. ड्रम नाही, ट्रम्पेट नाही, बासरी नाही. त्यातही जवळजवळ सगळं संगीत म्यूट लावून, म्हणजे वाद्याच्या घोडीवर चिमटा बसवून, आवाज दाबून वाजवलेलं. बाथरूममधल्या खुनाच्या जागी तो चिमटा काढायचा. त्या किंकाळ्या इतक्या उघड्या का वाटतात, त्याचं हे कारण.

आता गंमत अशी, की त्या प्रसंगाला संगीत अजिबात नको असं हिचकॉकने सांगून ठेवलं होतं. नुसता पाण्याचा आवाज हवा. हरमनने ऐकलं नाही. गुपचूप लिहिलं आणि ऐकवलं. हिचकॉकने आपला शब्द मागे घेतला. आज जगात कुठेही कुणी सुरा उगारण्याची नक्कल केली, की तोंडाने तेच चार-दोन सूर काढतो.

हीच गोष्ट सहा वर्षांनी उलटी फिरली. १९६६, पिक्चर 'टॉर्न कर्टन'. स्टुडिओला काळाबरोबर चालणारं, रेकॉर्ड खपवणारं हलकंफुलकं संगीत हवं होतं. हिचकॉकने तसं आधीच बजावलं होतं. हरमनने काय आणलं? १२ बासऱ्या, १६ हॉर्न, ९ ट्रॉम्बोन, २ ट्युबा, ८ चेलो, ८ डबल बेस आणि दोन जणांचे टिंपनी. व्हायोलिन एकही नाही. आणि हिचकॉकला नको असताना खुनाच्या प्रसंगालाही संगीत. 'सायको'त चाललं तेच गणित त्याने पुन्हा मांडलं होतं. रेकॉर्डिंग चालू असताना हिचकॉक आला, थोडंसं ऐकलं आणि काम तिथेच थांबवलं. संगीत नंतर जॉन अॅडिसनकडून करून घेतलं. अकरा वर्षांची जोडी त्या दिवशी तुटली. पुन्हा दोघांनी एकत्र काम केलं नाही.

मित्रांनो, मी इथे बऱ्याच वेळा थांबलोय. दोन्ही वेळा माणूस तोच, हट्टही तोच. १९६० मध्ये त्या हट्टाला आपण प्रतिभा म्हणतो. १९६६ मध्ये काय म्हणायचं? ते ठरवायला निदान ते संगीत तरी ऐकायला हवं. आणि सुदैवाने ते मिळतं. १९७७ मध्ये एल्मर बर्नस्टाइन या संगीतकाराने लंडनला ते वाजवून घेऊन त्याची रेकॉर्ड काढली. १९९१ च्या 'केप फिअर'मध्ये याच बर्नस्टाइनने हरमनचं जुनं संगीत वापरलं, त्यात 'टॉर्न कर्टन'चेही तुकडे घातले. पिक्चरच्या डीव्हीडीवर काही प्रसंग हरमनच्या संगीतासह बघायला मिळतात. मी दोन्ही लावून बघितलं. माझ्या कानाला हरमनचं संगीत फार भारी आहे. पण स्टुडिओने मागितलं होतं ते हे नव्हे, हेही तितकंच खरं. संगीत बरोबर असू शकतं आणि माणूस तरीही चुकलेला असू शकतो.

त्यानंतर हरमन लंडनला राहायला गेला. हॉलिवूडचे फोन कमी झाले. 'वुदरिंग हाइट्स' या त्याच्या ऑपेराला तर आयुष्यभर रंगमंच मिळाला नाही. १९६६ मध्ये त्याने स्वतःचे पैसे घालून त्याचं रेकॉर्डिंग केलं. ऑपेरा रंगमंचावर आला १९८२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. लंडनमध्येच तो आपली जुनी पिक्चरची संगीतं एकेक करून पुन्हा वाजवून रेकॉर्ड करायला लागला. 'सायको'ची तर १९६० मध्ये रेकॉर्डच निघाली नव्हती. ते संपूर्ण संगीत त्याने ऑक्टोबर १९७५ मध्ये नॅशनल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं. पार्टनरची सीडी ती हीच.

याच काळात नव्या पोरांनी त्याला शोधून काढलं. फ्रान्सच्या त्रुफोने आधीच दोन पिक्चर दिले होते. मग ब्रायन डी पाल्मा, मग मार्टिन स्कॉर्सेसी. स्कॉर्सेसीच्या 'टॅक्सी ड्रायव्हर'साठी आजारी हरमन लॉस एंजेलिसला आला. २३ डिसेंबर १९७५ ला रेकॉर्डिंग संपलं. तो हॉटेलवर जाऊन झोपला आणि झोपेतच गेला. वय ६४. पिक्चर त्याला अर्पण केलाय. त्याच्या अगदी शेवटी 'सायको'तली तीन सुरांची एक छोटी ओळ येते. सॅक्सोफोनच्या जॅझच्या पिक्चरमध्ये ती कुठून आली, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं.

आता आमच्या चार टक्क्यांचं. मी आज याच कॉलेजात लॅब घेतो. काही वर्षांपूर्वी 'सायको'ची ब्ल्यू-रे हाती आली. तिच्यावर पिक्चर मूळच्या २४ च्या वेगाने चालतो, म्हणजे पालची भानगड नाही. एका रविवारी दोन्ही ट्रॅक ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवले. वेव्हफॉर्म बघूनच पोटात गोळा आला. पिक्चरमधलं संगीत १९७५ च्या रेकॉर्डिंगपेक्षा चांगलंच जलद आहे. चार टक्क्यांत बसेल असा फरकच नाही. नंतर १९९७ चं जोएल मॅकनीलीचं रेकॉर्डिंगही काढलं, पण आता साक्षीदाराची गरज नव्हती. खरं तर त्या रात्रीही एक सोपी चाचणी करता आली असती. फरक सगळा व्हीसीडीचा असता तर सुराने जेवढी उडी मारली तेवढीच चालीनेही मारली असती. विंगमधल्या कुणाच्याही हार्मोनियमवर पाच मिनिटांत कळलं असतं. मला तपासायचं नव्हतं, जिंकायचं होतं.

माझा भागाकार बरोबर होता. पार्टनरचे कान बरोबर होते. आणि मी एका बरोबर भागाकाराच्या जोरावर बरोबर माणसाला सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतं.

गेली कित्येक वर्षं आमच्यात दिवाळीच्या मेसेजपलीकडे काही नव्हतं. हा लेख संपादकांकडे देण्याआधी मी त्याला दोन्ही वेव्हफॉर्मचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं की तू तेव्हा बरोबर होतास. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. वेव्हफॉर्मबद्दल एक अक्षर नव्हतं. रूम बदलताना ती सीडी माझ्याकडेच राहिली होती, ती अजून वाजते का, एवढंच विचारलं होतं.

वाजते. उद्या कुरिअर करतोय.